लेटिशिया ओव्हरएंड आणि कॅमेऱ्याला न दिसणारं सेवाकार्य

रानजाई

डब्लिनच्या दक्षिणेला डंड्रम हे उपनगर आहे आणि तिथे एअरफील्ड नावाची ३८ एकरांची शेती आजही लोकांसाठी उघडी आहे. ट्रेव्हर ओव्हरएंड या सॉलिसिटरचं कुटुंब १८९४ मध्ये इथे आलं. त्यांच्या दोन मुली, लेटिशिया (१८८०–१९७७) आणि तिच्याहून वीस वर्षांनी लहान नेओमी (१९००–१९९३). दोघींनी लग्न केलं नाही. लेटिशियाने सेंट जॉन अॅम्ब्युलन्स ब्रिगेड या प्रथमोपचार करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेत आयुष्य घातलं, मुडदूस झालेल्या मुलांच्या 'चिल्ड्रन्स सनशाइन होम'साठी झटली, १९२७ ची रोल्स-रॉइस स्वतः चालवली आणि स्वतःच दुरुस्त केली. नेओमीने जर्सी गाई पाळल्या. १९७४ मध्ये दोघींनी विश्वस्त निधी स्थापून सगळी जागा लोकांना दिली.

लेटिशियावर मराठीत सविस्तर लिहायचं आहे. प्रश्न साधनांचा आहे. १९२३ मध्ये कोडॅकची १६ मिमी फिल्म आल्यावर आयर्लंडमधल्या सुखवस्तू घरांत, धर्मसंस्थांत, मंडळांत हौशी कॅमेरे शिरले. बायकाही त्यात होत्या. मेरी मॅनिंगसारखी नाटककार १९३० च्या सुमारास डब्लिनमधल्या हौशी चित्रपट गटात पटकथा लिहीत होती. अशा फितींत तो काळ चालताबोलता दिसतो, निदान चालता. पण सेवाभावी बाईचं चरित्र लिहिताना अशा दृश्यांवर किती भर द्यावा? माझं मत असं की समित्यांच्या इतिवृत्तांना पहिलं स्थान द्यावं, फिती पुरवणीला ठेवाव्यात. जाणकारांनी मतं मांडावीत.

पडघम

विषय छान. इतिवृत्तात 'ठराव सर्वानुमते मंजूर' एवढंच असतं हो. माणूस बघायचा तर फीतच हवी.

रीळमास्तर

रानजाईंशी सहमत, पण कारण वेगळं. हौशी फीत काय दाखवते याआधी ती काय दाखवूच शकत नव्हती ते समजून घ्यायला हवं.

१९३५ मध्ये कोडाक्रोम ही रंगीत १६ मिमी फिल्म आली. तिचा वेग, म्हणजे उजेडाला संवेदनशीलता, आजच्या मोजमापाने ८ ते १० च्या आसपास, फारच कमी. सेकंदाला १६ चौकटी धरल्या तर प्रत्येक चौकटीला साधारण एक तिसांश सेकंद उजेड मिळतो. लख्ख उन्हात त्याला एफ/८ लागतं (हा आकडा जितका लहान, तितकं भिंगाचं तोंड मोठं). डब्लिनचं नेहमीचं ढगाळ आकाश धरलं तर एफ/४. आता तोच कॅमेरा खोलीत, खिडकीपासून दोन मीटर आत न्या. उजेड उन्हाच्या शंभराव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी. दर पायरीला उजेड निम्मा धरला तर उन्हातल्या एफ/८ पासून सात पायऱ्या खाली, म्हणजे एफ/०.७. असं भिंग हौशी कॅमेऱ्याला नव्हतंच. १९२५ चा सिने-कोडॅक 'बी' तर एफ/६.५ च्या साध्या भिंगासहही विकला जाई.

म्हणून त्या काळच्या कुठल्याही संस्थेच्या घरगुती फितीत हिरवळ, संचलन, बक्षीस समारंभ, फाटकातून येणारी मोटार एवढंच सापडतं. स्वयंपाकघर, शिवणाची खोली, रात्रपाळीचा वॉर्ड, हिशेबाचं टेबल हे सगळं अंधारात राहिलं. सेवेचं खरं काम तिथेच व्हायचं. फीत बघून 'या बायका नुसत्या चहापार्ट्या करत' असा निष्कर्ष काढणारे हीच चूक करतात.

पडघम

फ्लड दिवे होते की!

रीळमास्तर

होते, १९३० च्या दशकात. फोटोफ्लडचा लहान दिवा २७५ वॅटचा आणि आयुष्य दोन तासांचं. तो एक-सव्वा मीटरवर धरला तरच उपयोग. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई. वॉर्डाच्या वीस खाटा उजळायच्या तर डझनभर दिवे लागतील, जुन्या इमारतीतला फ्यूज पहिल्या तिनालाच उडेल. शिवाय आजारी मुलांच्या डोळ्यांवर तो झोत. म्हणून नाताळची झाडाजवळची एखादी चौकट सोडली तर घरातली दृश्यं फार कमी.

आणखी एक अडचण रिळाची. १०० फूट म्हणजे ४००० चौकटी. सेकंदाला १६ ने चार मिनिटं दहा सेकंद. चावीचा कॅमेरा एका भरणीत जेमतेम अर्धा मिनिट चालतो, त्यामुळे बहुतेक दृश्यं पाच ते दहा सेकंदांची. दोन तासांचा प्रथमोपचाराचा वर्ग त्यात मावणार कसा?

कडूनिंब

रीळमास्तरांच्या मुद्द्याला सनशाइन होम हा सुंदर अपवाद ठरू शकतो. कारण तिथला उपचारच उघड्यावर होता.

डॉ. एला वेब यांनी हे होम १९२५ मध्ये डब्लिनच्या दक्षिणेला स्टिलऑर्गनजवळ सुरू केलं. डब्लिनच्या चाळवजा घरांत एका खोलीत अख्खं कुटुंब राहायचं, गल्ल्यांत ऊन नाही, दूध परवडत नाही, त्यामुळे मुडदूस प्रचंड. डब्लिन ५३ अंश उत्तरेला आहे. ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका खाली असतो की त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण (२९० ते ३१५ नॅनोमीटर) जमिनीपर्यंत नीट पोचतच नाहीत. आणि साधी काच ते किरण अडवते, म्हणजे मूल बंद खिडकीतल्या उन्हात बसवून काहीही फायदा नाही. म्हणून व्हरांडे उघडे लागतात.

कारणमीमांसा तेव्हा अगदी ताजी होती. १९१९ मध्ये मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा परिणाम दाखवला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी पाऱ्याच्या दिव्याने मुलं बरी केली. १९२२ मध्ये मॅकॉलम यांनी त्या घटकाला ड हे अक्षर दिलं. तीन वर्षांत डब्लिनमध्ये होम उभं राहिलं, हे फार लवकर झालं.

त्या काळी ऊन देण्याची पद्धत ठरलेली असे. स्वित्झर्लंडच्या लेझँमध्ये रोलिए यांनी क्षयासाठी बसवलेली ही पद्धत पुढे सगळीकडे गेली. पहिल्या दिवशी फक्त पावलं, पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. दुसऱ्या दिवशी पावलं दहा मिनिटं, पोटऱ्या पाच. असं रोज वर सरकत जायचं, डोकं झाकलेलं. घाई केली तर कातडी भाजते, ताप येतो आणि उपचार आठवडाभर थांबतो. सोबत तेल, चहाचा एक चमचा म्हणजे साधारण ४०० एकक. तेल काळ्या बाटलीत, थंड जागी ठेवायचं, नाहीतर खवट होतं आणि मूल तोंड मिटून घेतं. मनगटाच्या क्ष-किरण चित्रात हाडाची टोकं वाटीसारखी, विसविशीत दिसतात. दोन ते चार आठवड्यांत तिथे चुन्याची नवी रेघ उमटली की उपचार लागू पडला. तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलांचे वाकडे पाय वाढीबरोबर बरेचसे सरळ होतात. उशीर झाला तर हाड कापून बसवावं लागतं.

व्हरांड्यात ओळीने लावलेल्या खाटा हौशी कॅमेऱ्याला उत्तम दिसतात. पण तेलाचा चमचा घेऊन रोज सकाळी फिरणारी परिचारिका आणि त्या तेलाचे पैसे उभे करणारी समिती दिसत नाही. लेटिशिया त्या दुसऱ्या गटातली.

हरिततृण

+१ कडूनिंब. वाचनखूण साठवली. आपल्याकडे एवढं ऊन असूनही मुडदूस का, हेही सांगाल का?

कडूनिंब

थोडक्यात: सावळ्या त्वचेला जास्त वेळ ऊन लागतं, दाट वस्तीत आणि प्रदूषणात ते मिळत नाही, आणि पुष्कळ मुलांच्या आहारात कॅल्शियमच कमी. तसं असेल तर नुसतं ड देऊन भागत नाही. यावर वेगळा धागा काढू.

चक्रधर

मोटारीबद्दल कुणीच बोललं नाही, तर लिहितो. लेटिशियाची गाडी ही रोल्स-रॉइस 'ट्वेंटी'. हे मॉडेल १९२२ ते १९२९ बनलं, जवळजवळ २९४० गाड्या. सहा सिलिंडर, ३१२७ घन सेंमी, झडपा वर. १९२५ पासून चार गिअर आणि चारही चाकांना ब्रेक, यांत्रिक सर्व्होसकट. मालकाने स्वतः चालवावी म्हणून बनवलेली ही लहान रोल्स. लेटिशिया कंपनीच्या वर्गाला जाऊन देखभाल शिकून आली होती. चरित्रात ही ओळ गंमत म्हणून टाकू नका, कारण ती देखभाल म्हणजे खरोखर काम होतं.

चेसिसवर तेलाच्या कितीतरी जागा, साधारण ५०० मैलांनी प्रत्येकीत पिचकारीने तेल. एक विसरली तर स्प्रिंगचा पिन कोरडा पडून झिजतो आणि सुकाणू जड होतं. पेट्रोल मागच्या टाकीतून इंजिनाच्या ओढीने, ऑटोव्हॅक नावाच्या लहान टाकीत येतं. लांब चढावर थ्रॉटल पूर्ण उघडला की ती ओढ कमी होते, ऑटोव्हॅक रिकामी होते आणि गाडी चढावरच गुदमरते. उपाय सोपा, क्षणभर पाय उचलायचा म्हणजे पुन्हा ओढ तयार होते. नवखा माणूस तिथेच कार्ब्युरेटर खोलत बसतो.

गिअरमध्ये सिंक्रोमेश, म्हणजे दात्यांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. खाली उतरवताना क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, थोडं रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. अंदाज चुकला की अख्ख्या डंड्रमला ऐकू जाईल! आणि क्रँकशाफ्ट पोकळ असतो, त्यात दशकानुदशकं गाळ साठतो. आजचं डिटर्जंटयुक्त तेल थेट घातलं की गाळ सुटून तेलाच्या वाटा बुजतात आणि बेअरिंग जातात. आधी शाफ्ट उघडून साफ करायचा, मगच तेल बदलायचं.

पडघम

चक्रधर, वा! पण सेवाकार्याशी याचा संबंध?

चक्रधर

संबंध आहे. सेंट जॉनच्या कामात वाहन चालवणारी, बंद पडलं तर रस्त्यात खोलणारी बाई फार मोलाची. प्रथमोपचार करणाऱ्या पथकाला वेळेवर पोचणं हाच अर्धा उपचार.

रानजाई

सेंट जॉनवर थोडं भर घालते. आयर्लंडमधली ब्रिगेड १९०३ मध्ये गिनेस ब्रुअरीत डॉ. जॉन लम्सडेन यांनी कामगारांच्या प्रथमोपचाराच्या वर्गातून सुरू केली. ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या ईस्टर बंडात त्यांनी आणि त्यांच्या स्वयंसेवकांनी दोन्ही बाजूंचे जखमी उचलले, पांढरं निशाण हातात धरून. एला वेब यांनी मेरियन स्क्वेअरमध्ये तात्पुरतं रुग्णालय चालवलं. आपल्या रेल्वेतल्या पुष्कळ मराठी घरांत सेंट जॉनचं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असतं. ही त्याच परिवारातली आयरिश संस्था.

हरिततृण

त्याच सुमारास, पहिल्या महायुद्धात, डब्लिनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये स्फॅग्नम शेवाळाच्या मलमपट्ट्या बनत. हे काम बहुतेक बायकांचं. पाणथळीतून शेवाळ उपटून आणायचं, काड्या, गवत, किडे हाताने वेचायचे, वाळवायचं. पण अगदी कोरडं केलं तर त्याचा भुगा होतो, म्हणून किंचित ओल ठेवायची. मग सुमारे ५५ ग्रॅम शेवाळ मलमलीच्या पिशवीत सैल भरायचं. गच्च भरलं तर फुगायला जागा नाही आणि पिशवी दगडासारखी होते. शेवटी वाफेने निर्जंतुक. कापूस आपल्या वजनाच्या पाच-सहा पट द्रव शोषतो, हे शेवाळ वीस पटींपर्यंत. शिवाय ते आम्लधर्मी, त्यामुळे जंतूंना मानवत नाही. ही खोली कुठल्या हौशी कॅमेऱ्यात सापडायची? १६ मिमी फिल्म तर युद्ध संपल्यावर पाच वर्षांनी आली.

आडवाट

सगळं वाचलं. एक गोष्ट इथे अजून कुणी उचललेली नाही. कॅमेरा कोणाच्या हातात होता?

फादर जॅक डिलेनी या डब्लिनच्या धर्मगुरूने १९३० च्या दशकात घेतलेल्या फिती आयरिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहात आहेत. त्यांत ग्लॉस्टर स्ट्रीटच्या मॅग्डालेन धोबीखान्यातल्या बायका आहेत. मॅग्डालेन म्हणजे जोगिणींनी चालवलेले धोबीखाने, तिथे 'वाट चुकलेल्या' ठरवलेल्या बायकांना डांबून बिनपगारी राबवलं जाई. उन्हात, अंगणात, हसताना. त्या बायका तिथे कशा अवस्थेत कोंडलेल्या होत्या हे फितीत नाही. तो धोबीखाना १९९६ मध्ये बंद झाला आणि सरकारने माफी मागितली फेब्रुवारी २०१३ मध्ये. म्हणजे फीत खोटी नाही, पण ती घेणाऱ्याला जे दार उघडलं गेलं तेवढंच तिने पाहिलं. सेवाभावी माणसाने आपल्याच संस्थेत घेतलेल्या दृश्यांत समोरचा माणूस 'नको' म्हणू शकत होता का, हा प्रश्न प्रत्येक चौकटीला विचारावा. सनशाइन होमसारख्या ठिकाणची मुलं असतील तर जास्तच.

कडूनिंब

दोन्ही संस्था एका तराजूत घालू नका. होममध्ये मूल बरं होऊन घरी जायचं.

आडवाट

तराजूत घालत नाही. कॅमेऱ्यासमोरच्या नात्याबद्दल बोलतोय. बरं होणारं मूलही देणगीदारांसाठी चित्रात बसवलं जातं. त्याचं नाव रजिस्टरमध्ये असतं, फितीत नसतं. म्हणून रजिस्टर आणि फीत शेजारी ठेवून बघायची.

रीळमास्तर

आडवाट यांचा मुद्दा मला पूर्ण पटतो. शेजारी ठेवायचं तर आधी फितीची तारीख काढावी लागते, त्याच्या खुणा सांगतो.

कोडॅकच्या फिल्मच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण, अधिक अशी चिन्हं छापलेली असत. ती फिल्म कारखान्यात कधी बनली ते सांगतात, चित्रण कधी झालं ते नाही. आणि दर वीस वर्षांनी तीच चिन्हं परत येतात, म्हणजे १९२७ आणि १९४७ यांत निव्वळ चिन्हावरून फरक कळत नाही. कोडाक्रोम असेल तर १९३५ किंवा त्यानंतरची, हे नक्की.

मग चित्रात शोधा. ओ'कॉनेल स्ट्रीटवर नेल्सनचा स्तंभ दिसला तर मार्च १९६६ च्या आधीचं. शहरातल्या ट्राम जुलै १९४९ पर्यंत. डंड्रम स्थानकात रेल्वे असेल तर १९५८ च्या अखेरीच्या आधी, कारण हार्कोर्ट स्ट्रीटचा मार्ग तेव्हा बंद झाला. २००४ पासून त्याच मार्गावर लुआस ट्राम धावते. गाड्यांच्या पाट्याही बोलतात: आरआय आणि वायआय डब्लिन शहराच्या, आयके डब्लिन परगण्याच्या, पीआय कॉर्क शहराच्या.

रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटी काही फूट उजेड शिरून पांढरट-नारिंगी झालेले असतात. जोडलेल्या मोठ्या रिळात असे पट्टे मोजले की मूळची छोटी रिळं किती आणि कुठे जोडली ते कळतं. जोडणाऱ्याने क्रम बदललेला असतो, हे गृहीतच धरा.

हरिततृण

आणि वेग! जुन्या फितीत सगळे टुणटुण पळतात.

रीळमास्तर

१६ चा वेग २५ ने दाखवला की तसं होतं. चौकट-चौकट स्कॅन करून फाइलचा वेग १६ किंवा १८ ठेवायचा. तपासायला सोपी युक्ती आहे: सहज चालणारा माणूस निवडा आणि पावलं मोजा. सेकंदाला दोनच्या आसपास आली तर वेग बरोबर. संचलनातली माणसं घेतली तर आणखी अचूक, कारण त्यांची पावलं ठरलेली.

पडघम

कुणाच्या घरी असं जुनं रीळ निघालं तर प्रोजेक्टरवर लावावं का?

रीळमास्तर

मुळीच नाही. आधी डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरचा वास आला तर फिल्मचा अॅसिटेटचा पाया विघटित होतोय, ती वाफ शेजारच्या रिळांनाही बिघडवते, म्हणून वेगळं काढा. निळ्या रंगाच्या आम्लदर्शक पट्ट्या मिळतात, बंद डब्यात चोवीस तास ठेवायच्या. हिरवी म्हणजे सुरुवात, पिवळी म्हणजे तातडी.

मग आक्रसणं मोजा. ताज्या १६ मिमी फिल्मच्या १०० चौकटींची लांबी साधारण ७६२ मिमी, कॅमेऱ्यातली मूळ फिल्म असेल तर दीड मिमी कमी. ती ७५४ च्या आसपास भरली तर एक टक्का आक्रसली. प्रोजेक्टरचे दात भोकं फाडतील. अशी फीत दात नसलेल्या, रुळांवर चालणाऱ्या स्कॅनरवरच द्यायची. जुने सिमेंटचे जोड वाळून सुटतात, ते आधी पुन्हा जोडावे लागतात.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बुरशी हा मोठा शत्रू. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, म्हणून ओल्या फडक्याने पुसलं की चित्रच निघून येतं. पाणी नको. कोरडी हवा, मऊ कापड, फार तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही कडेला तपासून. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि मुंबईचं फिल्म हेरिटेज फाउंडेशन यांच्याशी आधी बोललेलं बरं.

दिलासा एक: १६ मिमी पहिल्यापासून सुरक्षित अॅसिटेटवर आली, जुन्या नायट्रेट फिल्मसारखी भडकत नाही. कोडाक्रोमचे रंगही अंधारात ठेवले तर फार टिकतात. मात्र कॅमेऱ्यातच राहिलेलं, न धुतलेलं कोडाक्रोम सापडलं तर रंगाची आशा सोडा. ती प्रक्रिया २०१० च्या अखेरीस बंद झाली, आता कृष्णधवलच धुता येतं.

रानजाई

मनापासून आभार. माझं मत थोडं बदलतंय. फिती पुरवणीला टाकणार होते. आता प्रत्येक प्रकरणात दोन्ही समोरासमोर ठेवेन: कॅमेऱ्याला जिथे पोचता येत होतं ते दृश्य, आणि त्याच महिन्याचं इतिवृत्त, हिशेब, रजिस्टर. सुरुवात सनशाइन होमपासून करू की सेंट जॉनपासून?

आडवाट

होमपासून. तिथे मुलांची नोंद आहे, वजनं आहेत, मूल कधी आलं आणि कधी गेलं ते आहे. मात्र नावं छापू नका, त्यांची नातवंडं हयात असतील. आणि शेवट १९७७ वर करू नका. होम पुढे चालत राहिलं, २०११ मध्ये त्याच आवारात लॉरालिन हे मुलांचं हॉस्पिस उघडलं.

चक्रधर

मोटारीचं प्रकरण मला पाठवा, तेलाच्या जागांचा आराखडा काढून देतो.

पडघम

९.५ मिमीच्या पाथे फितींबद्दल कुणी लिहिलंच नाही. त्यांची भोकं मधोमध असतात ना?

रीळमास्तर

हो, दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर, १९२२ पासून. चित्र जवळजवळ कडेपर्यंत जातं, म्हणून एवढ्याशा फिल्मवर १६ च्या तोडीचं चित्र मिळतं. पण प्रोजेक्टरची फिल्म ओढणारी नखी चुकली तर ओरखडा थेट चित्राच्या मधोमध पडतो, म्हणून तिला तर प्रोजेक्टर दाखवूही नका. स्कॅन करणाऱ्याला आधीच विचारा की ९.५ चं वेगळं गेट आहे का.

पडघम

विचारतो. बेल्जियममधल्या एका मराठी घरात असे चार डबे आहेत, मोजमाप घेऊन इथेच टाकतो.